रानात सापडलेली कवटी कोणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळावर, डोंगरात, ओढ्याकाठी फिरणाऱ्याला कधी ना कधी कवटी सापडतेच. मी बरीच वर्षं अशा कवट्या बघत आलो आहे. ओळखीचे लोक फोटो पाठवतात, आणि त्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे ती सारखी येणार आहे: कवटीचा चेहरा बघून अंदाज बांधू नका. दात बघा. दात गळले असतील तर त्यांची भोकं मोजा.

कवटी दिसली. लगेच उचलू का?

नको. आधी दोन मिनिटं नुसतं बघा. कवटी कोरडी, पांढुरकी, बिनवासाची आहे की तिच्यावर अजून मांस, कातडी, केस आहेत? ताजी असेल तर हात लावू नका. रेबीजने मेलेल्या जनावराच्या मेंदूत विषाणू काही काळ टिकून राहतो, आणि गारठ्यात तर जास्तच. गुरं अचानक मेलेली असतील, नाकातोंडातून काळपट, न गोठलेलं रक्त आलेलं असेल, तर त्या जागेपासून लांबच राहा आणि पशुवैद्यकांना कळवा. ती काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते, आणि तिचे बीजाणू मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात.

कवटी कोरडी असेल तर आहे तिथेच फोटो काढा आणि मग आजूबाजूला शोधा. खालचा जबडा बहुतेक वेळा सुटून पाच-दहा पावलांवर पडलेला असतो. लोक कवटी घेऊन येतात आणि जबडा तिथेच राहतो. मग निम्मी माहिती मागे राहते. खूर, नखं, केसांचा पुंजका, एखादा मणका, सगळं टिपून ठेवा. उचलायचीच असेल तर हातमोजे घाला, आणि घरी आल्यावर साबणाने हात स्वच्छ धुवा.

ही माणसाची तर नाही ना?

ही शंका आली तर तिची लाज वाटू देऊ नका. माणसाच्या कवटीला थुंतार, म्हणजे पुढे आलेलं नाकतोंड, नसतं. चेहरा सपाट, कपाळ उभं, आणि डोक्याचा घुमट चेहऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. सुळे बाकीच्या दातांच्या रांगेतच बसतात आणि खालच्या जबड्याला पुढे हनुवटी असते. कवटी उलटी धरली तर मज्जारज्जूचं मोठं भोक जवळजवळ मधोमध, तळाशी दिसतं, कारण आपलं डोकं मानेवर उभं बसलेलं असतं. चार पायांवर चालणाऱ्या जनावरांत हेच भोक मागच्या बाजूला तोंड करून असतं.

सगळ्यात जास्त गोंधळ माकडामुळे होतो. माकडाचे दात ३२, माणसाचेही ३२, डोळ्याची खोबणही दोघांत मागून हाडाने बंद. पण माकडाचा जबडा पुढे येतो, भुवईचं हाड जाड असतं, हनुवटी नसते. नराचे सुळे लांब असतात आणि खालचा सुळा बसायला वरच्या रांगेत फट असते. अगदी लहान मुलाच्या कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. ती पातळ पापुद्र्यांसारखी सुटी पडलेली दिसतात, म्हणून तिथे जास्त काळजी घ्या.

जराही संशय असेल तर कवटी हलवू नका. जागा लक्षात ठेवा आणि पोलिसांना कळवा. शेवटी ती वानराची निघाली तरी तुमचं काही चुकलेलं नसतं.

ओळखण्यासाठी फोटो कसे काढू?

एका फोटोवरून, तोही तिरका, कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. वरून, खालून, एका बाजूने, समोरून, मागून, आणि खालचा जबडा वेगळा, असे सहा फोटो काढा. त्यातला खालून काढलेला सगळ्यात मोलाचा, कारण दाढांचे माथे त्यातच दिसतात. नेमका तोच फोटो लोक काढत नाहीत. प्रत्येक फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा. ती नसेल तर मापाची कुठलीही वस्तू चालेल, फक्त हाताचा पंजा नको, कारण प्रत्येकाचा पंजा वेगळा.

दोन मापं घ्या: वरच्या जबड्याच्या पुढच्या टोकापासून कवटीच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी, आणि दोन्ही गालांच्या कमानींमधली सर्वांत जास्त रुंदी.

दातांवरून नेमकं काय कळतं?

जवळजवळ सगळं. सस्तन प्राण्याचे दात चार प्रकारचे: पुढे पटाशीचे दात, त्यांच्या बाजूला सुळे, मग उपदाढा, मग दाढा. कुठला प्रकार किती आणि कुठला प्रकार अजिबात नाही, यावरून कूळ ठरतं.

शिकारी जनावराचे सुळे मोठे, आणि गालाकडच्या दातांत एक जोडी कात्रीसारखी असते. वरची चौथी उपदाढ खालच्या पहिल्या दाढेवर घासून मांस कापते. चरणाऱ्या जनावराच्या दाढा जात्यासारख्या रुंद, वर मुलाम्याच्या, म्हणजे दातावरच्या कडक थराच्या, उभ्या कडांची नक्षी. कुरतडणाऱ्यांना पुढे छिन्नीसारखी एक जोडी, मग मोठी मोकळी जागा, मग दाढा, आणि सुळे नाहीतच. सगळं खाणाऱ्यांच्या दाढा बोथट, उंचवट्यांच्या, जवळपास आपल्यासारख्या.

आता आकडे. कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड: ४२. मुंगूस आणि उदमांजर: ४०. पाणमांजर: ३६. तरस: ३४. मांजर आणि तिचं सगळं मोठं गणगोत, वाघ-सिंहांसह: ३०. डुक्कर: ४४. गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि बहुतेक हरणं: ३२. ससा: २८. खार: २० ते २२. उंदीर: १६. पाठ करायची गरज नाही, पण कागदावर लिहून सोबत ठेवा.

दातांवर इतकी भिस्त ठेवणारा मी काही पहिला नाही. फ्रेंच निसर्गअभ्यासक जॉर्ज कुव्हिए याने १७९६ मध्ये हत्तींचे जबडे आणि दाढा शेजारी शेजारी ठेवून दाखवून दिलं की आशियाई हत्ती आणि आफ्रिकी हत्ती वेगळे आहेत, आणि मॅमथ या दोघांपेक्षाही वेगळा, आता कुठेच न उरलेला प्राणी आहे. एखादा प्राणी पृथ्वीवरून कायमचा नाहीसा होऊ शकतो, हे मान्य व्हायला या दाढांचा मोठा हातभार लागला.

दात सगळे गळून गेलेत. आता?

भोकं राहतात. जबड्याच्या कडेने बोट फिरवलंत तर ती लागतात. पटाशीच्या दाताला एक भोक, सुळ्याला एक मोठं खोल भोक. गालाकडच्या दातांना मात्र दोन किंवा तीन मुळं असू शकतात, म्हणून तिथे भोकांचा आकडा म्हणजे दातांचा आकडा नव्हे. दोन भोकांमधली भिंत पातळ आणि बुटकी असेल तर ती बहुधा एकाच दाताची दोन मुळं. भोक हाडाने भरून गुळगुळीत झालं असेल, तर तो दात जनावर जिवंत असतानाच पडला होता.

मोठे सुळे आहेत. बिबट्याच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा "नाही, कुत्रा" हेच असतं. मीही सुरुवातीला एक कवटी बिबट्याची म्हणून जपून ठेवली होती. लांबी वीस सेंटिमीटर, सुळे करंगळीएवढे, शंका घ्यायला जागाच नाही असं वाटलं होतं. मग एका जाणत्या माणसाने ती उलटी केली आणि सुळ्याच्या मागचे दात मोजायला सांगितले. वर एका बाजूला सहा भरले. त्यानंतर आजपर्यंत सुळे बघून मी काहीच ठरवलेलं नाही.

वरच्या जबड्यात, एका बाजूला, सुळ्याच्या मागे मोजा. कुत्र्याच्या कुळात सहा. मांजरकुळात चारच, आणि त्यातले नीट दिसणारे दोन: पहिला बारीक खुंटासारखा असतो, तर शेवटची दाढ इतकी छोटी की ती कात्रीच्या दाताच्या मागे आडवी दडलेली असते. नखाने चाचपली तरच सापडते. तरसाला आणि पाणमांजराला पाच. मुंगसाला कुत्र्यासारखेच सहा, पण मुंगसाची अख्खी कवटी तळहातात मावते, आणि खालच्या जबड्यात सुळ्याच्या मागे कुत्र्याला सात तर मुंगसाला सहा.

दात मोजून झाले की मग चेहरा बघा. मांजरीचं तोंड आखूड, कवटी वरून बघितली तर गोलसर, डोळ्यांच्या खोबणी मोठ्या आणि समोर बघणाऱ्या. कुत्र्याचं थुंतार लांबट, खोबणी थोड्या बाजूला वळलेल्या. घरच्या मांजराची कवटी साधारण ८ ते १० सेंटिमीटर भरते. तीच ठेवण दुप्पट मापात, २० सेंटिमीटरच्या आसपास दिसली, तर मात्र थांबा, फोटो काढा आणि वनखात्याला कळवा.

वाघ आणि सिंह यांच्या कवट्यांत एक जुनी खूण सांगतात: खालचा जबडा सपाट टेबलावर ठेवायचा. सिंहाच्या जबड्याची खालची कड पोटाळलेली असते, म्हणून तो डुलतो. वाघाचा स्थिर बसतो. भटकंतीत हे करून बघायची वेळ कोणावर येणार नाही, पण संग्रहालयात काचेतून बघताना ही कड नक्की शोधा.

कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड यांत फरक कसा करायचा?

इथे खरी परीक्षा आहे. चौघांचे दात सारखेच.

खोकड सगळ्यात सोपी. डोळ्याच्या खोबणीच्या वर मागच्या बाजूला हाडाचा एक टोकदार कोपरा बाहेर येतो. कवटी वरून धरा आणि त्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख टेकवा. खोकडीत तिथे उथळ खळगा लागतो, पाण्याचा थेंब ठेवला तर थांबेल असा. कुत्रा, लांडगा आणि कोल्हा यांच्यात तीच जागा फुगीर, गोलाई घेतलेली असते. एवढी बारीक खूण, पण ती सहसा दगा देत नाही.

कोल्ह्याची कवटी कुत्र्यापेक्षा सडपातळ, थुंतार निमुळतं. कुत्र्याच्या कपाळाला मात्र नाकाच्या हाडापाशी पायरीसारखा चढ असतो. लांडग्यात हा चढ फार सौम्य असतो, कपाळ आणि नाक जवळजवळ एका उतारावर येतात, दात मोठे आणि डोक्याच्या मागच्या भागावर मधोमध हाडाची कड उंच. पण कुत्र्यांच्या जाती इतक्या आणि इतक्या आकारांच्या आहेत की लांडग्याची खात्री फोटोवरून देणं मला तरी योग्य वाटत नाही. तिथे संग्रहालयातल्या माणसाने कवटी हातात घेऊन मोजायला हवी.

वरच्या जबड्याला पुढे दातच नाहीत. तुटलेत का?

तुटलेले नाहीत, तिथे ते नसतातच. रवंथ करणाऱ्या जनावरांना वर पटाशीचे दात नसतात, त्या जागी कडक हिरडी असते. खाली पुढे आठ दात दिसतात, त्यातले बाजूचे दोन खरं तर सुळे आहेत पण पटाशीच्याच रांगेत जाऊन बसलेले. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण, काळवीट, सगळे या गटात.

गाय आणि म्हैस मापावरूनच वेगळ्या पडतात. अडचण येते ती शेळी, मेंढी आणि हरीण यांत.

शिंगं असतील तर आधी ती बघा. शेळी, मेंढी आणि काळविटासारखे कुरंग यांचं शिंग म्हणजे आत हाडाचा खुंट आणि वर नखाच्या जातीचं टोपण. मेल्यावर काही आठवड्यांनी हे टोपण निसटतं आणि खडबडीत, सच्छिद्र खुंट उरतो. लोकांना तो तुटलेला वाटतो, पण तसं नसतं. हरणाचं शिंग सगळं भरीव हाडाचं, फाटे फुटणारं, दर वर्षी गळून पुन्हा उगवणारं. गळल्यावर कपाळावर बुटकी बैठक राहते. हरणांच्या माद्यांना शिंगं नसतात, फक्त रेनडियरच्या मादीला असतात.

शिंगं नसतील तर डोळ्यासमोरचा भाग उजेडाकडे धरा. हरणाच्या कवटीत डोळा आणि नाक यांच्यामध्ये हाडांची एक मोठी फट असते, जणू तिथे बांधकाम अपुरं राहिलं आहे. काही कुरंगांतही ती असते, म्हणून दुसरी खूणही ताडून बघा. खोबणीच्या पुढच्या कडेवर अश्रूंच्या नळीचं भोक असतं. हरणांत अशी दोन भोकं, एकाखाली एक. शेळी, मेंढी, गाय, कुरंग यांत बहुधा एकच. काडीच्या टोकाने हलकेच तपासता येतं. शेळी की मेंढी हे ठरवायला डोळ्याच्या पुढे बोट ठेवा: मेंढीला तिथे खळगा लागतो, शेळीचं हाड सपाट असतं. शिंगाचे खुंटही सांगतात. शेळीचे जवळजवळ उगवून मागे जातात, मेंढीचे बाजूला फाकतात.

लांबलचक कवटी, वरही पुढचे दात आहेत, शिंगं नाहीत.

घोडा, गाढव किंवा खेचर. वर सहा, खाली सहा पटाशीचे दात, मग मोठी मोकळी जागा, मग उंच चौकोनी दाढा. त्या मोकळ्या जागेत छोटा सुळा असेल तर बहुधा नर.

डुकराची कवटी कशी ओळखायची?

मागचा भाग उंच, उभ्या उतारासारखा, आणि बाजूने बघितली तर कवटी त्रिकोणी दिसते. रानडुकराची वरची रेघ जवळजवळ सरळ, पाळीव डुकराची मधे खोल दबलेली. नराचे खालचे सुळे तिधारी, वर वळलेले, वरच्या सुळ्यावर घासून घासून धार लागलेले. सुळे गळलेले असतील तरी त्यांचं भोक एवढं मोठं असतं की चुकत नाही.

सुटी दाढ सापडली तर मात्र जपून. डुकराच्या कुळातली दाढ माणसाच्या दाढेसारखी बोथट उंचवट्यांची असते आणि तिने मोठमोठ्यांना चकवलं आहे. १९२२ मध्ये अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ हेन्री फेअरफील्ड ऑसबोर्न याने नेब्रास्कात सापडलेल्या एका झिजलेल्या दाढेवरून हेस्पेरोपिथेकस नावाचा मानवसदृश वानर जाहीर केला. पुढे त्याच ठिकाणी आणखी खोदल्यावर कळलं की ती पेकरी या डुकरासारख्या प्राण्याची दाढ होती, आणि १९२७ मध्ये तो दावा मागे घेतला गेला. एका दातावर निकाल देऊ नये असं मी म्हणतो ते यामुळेच.

पुढे दोन लांब वाकडे दात आहेत. उंदीर की ससा?

दातांचा रंग बघा. उंदीर, घूस, खार, साळिंदर यांच्या पटाशीच्या पुढच्या बाजूला पिवळा ते गडद नारिंगी रंग असतो. तो मुलाम्यातल्या लोहामुळे येतो, घाण म्हणून घासू नका. सशाची पटाशी पांढरी असते.

आता सशाची कवटी आडवी करून वरच्या पटाशीच्या मागे बघा. तिथे आणखी दोन बारीक दात पहिल्या जोडीला चिकटून उभे असतात, तांदळाच्या कणीएवढे. हे उंदराच्या कुळात कोणालाच नसतात. मग थुंताराची बाजू. तिथलं हाड भरीव नाही, जाळीचं आहे, कोणी बारीक सुईने विणल्यासारखं, आणि उजेडासमोर धरलं तर आरपार प्रकाश येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की ते कुजून झिजलं आहे. ते तसंच असतं. मला सगळ्या कवट्यांत ही जाळी जास्त आवडते, आणि ती इतकी नाजूक आहे की कवटी तिथे कधीच धरू नका.

उंदीर गटात आकारावरून बरंच कळतं. घरातल्या लहान उंदराची कवटी दोन सेंटिमीटरच्या आसपास, मोठ्या उंदराची चार ते पाच. खारीला डोळ्याच्या खोबणीमागे टोकदार हाड असतं, उंदराला नसतं. साळिंदराची कवटी मोठी आणि नाकाचा भाग फुगलेला.

इतक्या बारीक कवट्या सापडतात तरी कुठे?

घुबडाच्या बसायच्या जागेखाली. घुबड भक्ष्य बहुधा अख्खं गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळा करून ओकून टाकतं. तो वाळलेला गोळा कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने हळूच सोडवला तर आत तीन-चार अखंड कवट्या मिळू शकतात.

चिचुंद्रीची कवटी लांबट आणि सपाट, गालाची कमान नाहीच, आणि पुढचा वरचा दात आकड्यासारखा. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतल्या काही चिचुंद्र्यांच्या दातांची टोकं लोहामुळे लाल असतात. वटवाघळाच्या कवटीत सुळे टोकदार, आणि बऱ्याच जातींत वरच्या पटाशीच्या मधोमध मोठी फट असते.

दातच नाहीत, चोच असावी असं वाटतं.

मग पक्षी किंवा कासव. पक्ष्याची कवटी उचलल्यावर वजनच लागत नाही, आणि डोळ्यांच्या खोबणी अर्ध्या डोक्याएवढ्या. मागून बघा: मानेच्या मणक्यावर बसणारा हाडाचा गोळा पक्ष्यांत आणि सरपटणाऱ्यांत एकच, सस्तन प्राण्यांत दोन. अर्धीमुर्धी कवटी असली तरी ही खूण कामाला येते. चोचीवरचं टोपण गळून पडतं, म्हणून जिवंत पक्ष्यापेक्षा चोच लहान आणि बोथट दिसते. घुबडाच्या डोळ्यात हाडाचं नळकांड्यासारखं कडं असतं. कासवाची कवटी जड, जबड्याची कड धारदार.

कवटीला भोक आहे. गोळी लागली असेल का?

बहुतेक वेळा नाही. कवटीला जन्मजात भोकं खूप असतात, नसा आणि रक्तवाहिन्या त्यांतून जातात. ती दोन्ही बाजूंना जोडीने असतात आणि कडा गुळगुळीत असतात. एकाच बाजूचं, ओबडधोबड कडांचं भोक असेल तर दात लागलेला असू शकतो, पण तो दात मारणाऱ्याचा की नंतर हाड चघळणाऱ्याचा, हे सांगणं अवघड. कडेवर जोडीजोडीने समांतर चरे दिसले तर ते उंदीर किंवा साळिंदराचे. कॅल्शियमसाठी ते जुनी हाडं कुरतडतात. त्याचा मरणाशी काही संबंध नसतो.

आणि कपाळाच्या मधोमध एकच अजस्र भोक असेल, तर तो हत्ती. ते भोक नाकाचं, सोंडेचं. १९१४ मध्ये ओथेनियो आबेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने मांडलं की भूमध्य समुद्रातल्या बेटांवर सापडणाऱ्या खुज्या हत्तींच्या कवट्या बघूनच ग्रीकांनी एकडोळ्या राक्षसाची कल्पना केली असावी. हत्तीची कवटी समोरून बघितल्यावर ही गोष्ट मनाला पटते.

वय सांगता येतं का?

ढोबळ मानाने. हाडांच्या जोडांच्या नागमोडी रेघा स्पष्ट आणि सैल असतील तर पिल्लू, पुसट होऊन मिटल्या असतील तर वयस्क. दाढांचे उंचवटे टोकदार असतील तर तरुण, घासून सपाट झाले असतील तर म्हातारं.

गुरं-मेंढरांत पशुपालक नेमकं सांगतात, कारण खालचे दुधाचे दात जोडीजोडीने बदलतात. एकही बदलला नाही तो आदत, दोन बदलले तो दुसा, चार बदलले तो चौसा. मेंढीत पहिली जोडी साधारण सव्वा-दीड वर्षात बदलते आणि चौथ्या वर्षाच्या सुमाराला आठही पक्के होतात. हिरडीखालून नवा दात अर्धा वर आलेला जबडा सापडला तर तो नीट बघा, वय काढायला त्याच्याइतकं सोपं काही नाही.

घरी नेली तर चालते का?

हे तुम्ही कुठे आहात आणि कवटी कोणाची आहे यावर ठरतं. पाळीव जनावराची असेल तर बहुतेक ठिकाणी अडचण नसते. वन्य प्राण्याची असेल तर नियम कडक असतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन्य प्राण्याची कवटी, शिंग, हाड जवळ बाळगणं हा गुन्हा ठरू शकतो, मेलेलं सापडलं असलं तरीही. अमेरिकेत १९१८ च्या कायद्यानुसार स्थलांतरी पक्ष्यांचे अवशेष, अगदी पीससुद्धा, परवान्याशिवाय ठेवता येत नाही. देशाबाहेर न्यायचं असेल तर १९७५ पासून लागू असलेला साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार आहे. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात तर काहीच उचलू नका.

माझं मत विचाराल तर वन्य प्राण्याची कवटी तिथेच राहू द्या. तिच्यातलं कॅल्शियम कुरतडणाऱ्यांना आणि मातीला लागतं, आणि ओळख पटवायला सहा फोटो पुरतात.

बाळगायला हरकत नसलेली कवटी साफ कशी करू?

उकळू नका. उकळल्याने चरबी हाडात मुरते, पुढे पिवळे डाग येतात, नाकातली पातळ हाडं फुटतात आणि दात तडकतात. ब्लीचही नको, त्याने हाड ठिसूळ होऊन काही वर्षांनी भुगा पडायला लागतो.

साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि अधूनमधून थोडं पाणी बदला. जीवाणू आपलं काम करतात. काही आठवडे लागतात, वास येतो, म्हणून घरापासून लांब ठेवा. पाणी ओतताना गाळणीतून ओता, कारण या काळात दात सुटतात. सुटलेला प्रत्येक दात कागदाच्या पुडीत, कुठून निघाला ते लिहून. मग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात ठेवा, पाण्यावर तवंग येणं थांबेपर्यंत. शेवटी हवं तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये काही तास. भांडं प्लास्टिकचं घ्या, झाकण घट्ट लावू नका, आतला वायू बाहेर पडायला हवा. नंतर सावलीत वाळवा. उन्हात दातांना चिरा जातात.

एवढं करूनही ओळख पटली नाही तर?

जवळच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात किंवा प्राणिशास्त्र विभागात विचारा. २००८ मध्ये सुरू झालेल्या आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकलेत तर हाडं ओळखणारी माणसं तिथे जगभरातून असतात. जातीपर्यंत नाही पोचलात तरी कुळापर्यंत पोचणं पुष्कळ आहे. "मांजरकूळ, प्रौढ, १९ सेंटिमीटर" ही खरी नोंद आहे, "बहुतेक बिबट्या" ही नाही.

प्रत्येक कवटीसोबत, घरी आणलेली असो वा फक्त फोटोतली, एक चिठ्ठी ठेवा. तारीख, जागा, जवळचं पाणी किंवा झाडी, दोन मापं, दातांचा हिशोब, आणि सोबत काय काय सापडलं. पेन्सिलने लिहा, शाई फिकी होते. माझ्याकडे एका खोकडीच्या फोटोमागे अशी चिठ्ठी आहे: वरच्या डाव्या बाजूचा कात्रीचा दात मोडलेला, मोडल्यावर झिजून गुळगुळीत झालेला. म्हणजे तो दात मोडल्यावरही ती बरेच दिवस शिकार करत होती.